दाजी पेंटर आणि कुलपातला सोनेरी

दाजी पेंटर माझ्या दुकानात पहिल्यांदा आले ते भांडायला. मालवण तालुक्यातल्या कट्टा गावच्या बाजारात एस.टी.च्या थांब्यासमोर माझं दुकान होतं. झेरॉक्स, ऑनलाइन फॉर्म, सातबाऱ्याचे उतारे आणि फ्लेक्स बॅनरची डिझाइनं, अशी सगळी कामं मी एकटी करायची. आदल्याच दिवशी कुणाच्या तरी वाढदिवसाचा बॅनर करून दिला होता आणि तो नाक्यावर लागला होता. दाजी दारात येऊन उभे राहिले. नमस्कार नाही, चमत्कार नाही.

"तो नाक्यावरचो बॅनर तूच केलंस?"

"होय. कित्याक?"

"त्या 'हार्दिक'मधल्या 'ह'ची कंबर मोडलीहा. तेका हाडवैद्याकडे तरी ने."

मी म्हटलं, अक्षरं कॉम्प्युटरमधून तशीच येतात, मी काय करू? तर म्हणतात, "मगे तू काय करतंस? नुसती बटणां दाबतंस?"

आता मी काही ऐकून घेणाऱ्यातली नाही. सकाळपासून तीन जणांचे फॉर्म अडकले होते, डोकं आधीच तापलेलं. फाडकन बोलून गेले, "दाजीनू, तुमचो धंदो बसलो तेचो राग माझ्यावर काढू नकात." तोंडातून सुटलं आणि मलाच वाईट वाटलं, कारण ते खरं होतं. दाजींनी खिशातून रुमाल काढला, चष्मा पुसला आणि शांतपणे म्हणाले, "धंदो बसलो ह्यां खरां. पण तेच्यासाठी 'ह'क कित्याक मारतंस?"

चाळीस वर्षं कट्ट्याच्या बाजारातला एकूण एक बोर्ड दाजींच्या हातचा होता. किराणा, शिंपी, सायकल दुकान, दवाखाना, रिक्षांच्या पाठी, आणि मालवणपासून आचऱ्यापर्यंतच्या होड्यांची नावं. मग फ्लेक्स आले. एकेक बोर्ड उतरत गेला. दाजी तरी रोज सकाळी बाजारातून फेरी मारायचे, प्रत्येक पाटी ओठ हलवत वाचायचे आणि मान हलवत पुढे जायचे. लोक म्हणायचे, म्हातारा जप करतो. जप कसला, शिव्या असायच्या त्या.

त्यांचे कपडे म्हणजे एकच निळा शर्ट, त्याच्या बाहीवर दहा-बारा रंगांचे डाग, आणि वास कायम टर्पेंटाइनचा. ब्रश वापरात नसले तरी दर रविवारी ते धुवायचे, तेल लावायचे आणि वर्तमानपत्रात गुंडाळून ठेवायचे. मी एकदा विचारलं, कशाला एवढं करता? तर म्हणाले, "एक होडी गावली पायजे गो बाय. शेवटची एकच. होडी रंगवून हात धुतलंय की मगे बसतंय घराक." सहा वर्षांत त्यांना एकही होडी मिळाली नव्हती. त्या माणसाला आयुष्यात दुसरं काही नको होतं, हे मला तेव्हाच कळलं.

भांडणानंतर दोन दिवसांनी ते परत आले, दुपारी. बाजार एक ते चार बंद असतो, पण मी दुकानातच डबा खायची. माझा भाऊ मुंबईला नोकरीला गेला तेव्हा त्याचा गेमचा डबा आणि जुना टीव्ही मागच्या खोलीत तसाच राहिला होता. जेवण झालं की मी अर्धा तास त्यावर गाड्यांच्या शर्यती खेळायची. रस्त्यावरच्या शर्यती, अख्खं शहर उघडं, खऱ्यासारखी रहदारी, सिग्नल, दुकानं, बंदर. दाजी एका लग्नपत्रिकेच्या पाठीमागे नीट काढलेला 'ह' घेऊन आले होते, मला शिकवायला. ते आत डोकावले तेव्हा मी गॅरेजमध्ये गाडीचा रंग बदलत होते.

"ही गाडी रंगवूक गावता?" त्यांनी विचारलं.

मी दाखवलं. बॉनेट वेगळं, दारं वेगळी, चाकांच्या वाट्या वेगळ्या. रंग चकचकीत हवा की मळकट, तेही ठरवायचं. वर पट्टे, गोल, त्रिकोण, काय हवं ते चिकटवायचं, मोठं करायचं, वाकवायचं, एकावर एक थर द्यायचे. गाडी जागच्या जागी फिरवून चारी बाजूंनी बघायची. दाजींनी स्टूल ओढलं. 'ह' त्यांच्या खिशातच राहिला. चार वाजता बाजार उघडला, माणसं फॉर्म घेऊन दारात आली, तरी दाजी उठायला तयार नाहीत.

पण या गेमची एक खोड आहे. सगळे रंग सुरुवातीला मिळत नाहीत. शर्यत जिंकली की गावात तुमचं नाव होतं, नाव झालं की नवी चाकं, नवे रंग, नव्या वस्तू उघडतात. तोवर त्यांच्यावर कुलपाचं चित्र. हे सांगितलं तेव्हा दाजी माझ्याकडे अशा नजरेनं बघायला लागले, जणू मीच किल्ली लपवली होती.

"रंगाच्या डब्याक कुलूप? खंयच्या गावात असां असता?"

"जिंकल्याशिवाय गावाचो नाय, दाजीनू. गाडी चालवूक होयी."

आणि इथेच पंचाईत होती. दाजींनी जन्मात सायकलसुद्धा चालवली नव्हती. चालत जायचं, नाहीतर एस.टी. तरी घेतला हातात कंट्रोलर, ज्याला ते शेवटपर्यंत रिमोट म्हणत राहिले. पहिले आठ-दहा दिवस बघणाऱ्याला हसून हसून मरायची पाळी. गाडी भिंतीवर, गाडी समुद्रात, गाडी कुणाच्या तरी दुकानात. पण त्यांची खरी अडचण चालवण्याची नव्हतीच. अडचण ही की त्या शहरात पाट्या होत्या.

एका दुपारी पोलीस मागे लागले होते. या गेममध्ये जास्त धडकाधडकी केली की पोलिसांच्या गाड्या पाठलाग करतात, घेरतात आणि पकडलं तर त्या फेरीत कमावलेलं सगळं नाव जातं. तीन गाड्या मागे, लाल-निळे दिवे, मी ओरडतेय, आणि दाजींनी भर रस्त्यात गाडी थांबवली.

"ह्यो बोर्ड कोणी केल्यान?"

"दाजीनू, पोलीस इले!"

"येंवदेत. ह्यां बघ, सुरवातीची अक्षरां ऐसपैस आणि शेवटाक येवन दाटलेली. मोजल्याशिवाय सुरू केलेलां काम."

पोलिसांनी घेरलं, पकडलं, पडदा काळा झाला. दाजी म्हणाले, "हेंका दुसरो काय धंदो नाय?" आणि पुन्हा सुरुवात केली. असं ते निदान वीस वेळा तरी पकडले गेले असतील. त्या शहरातली एकही पाटी त्यांनी वाचल्याशिवाय सोडली नाही. इंग्रजी त्यांना जेमतेम, पण अक्षर कुठल्याही भाषेचं असलं तरी त्याची बसक त्यांना बरोबर कळायची. बेकरीच्या निळ्या पाटीवर मात्र ते खूश होते. तिच्यासमोर रोज एकदा गाडी उभी करून बघायचे.

मग हळूहळू काहीतरी फरक पडायला लागला. मी शिकवून ते शिकले म्हणाल तर नाही. मी सांगायची, कोपऱ्यातला छोटा नकाशा बघा. त्यांनी तो बंदच करून टाकला, म्हणे पाट्या झाकतो. मी सांगायची, वळणाआधी ब्रेक दाबा. ते सांगायचे, "हे वळण न्हय गो, ही वेलांटी." वळणांना त्यांनी आपल्या नावांनी ओळखायला सुरुवात केली. ही पहिली वेलांटी, ही दुसरी, हा उकार. बंदराजवळ एक वळण होतं तो रफार. तिथे हात उचलायचा, म्हणजे अॅक्सिलरेटर सोडून द्यायचा. एकदम वेग देणारा नायट्रो असतो त्याला ते टर्पेंटाइन म्हणायचे. "थोडां घातलंस तर रंग धावता, जास्त घातलंस तर ओघळता." म्हणून तो फक्त सरळ रस्त्यावर आणि तोही चिमूटभर.

मी एकदा बारकाईनं बघितलं, तर त्यांची नजर गाडीवर नसायचीच. पार पुढे, रस्ता जिथे संपतो तिथे. विचारलं तर म्हणाले, होडीच्या कडेनं वीस हातांचा पट्टा मारताना ब्रशाच्या टोकाकडे बघितलं की हात थरथरतो. रेघ जिथे संपायची तिथे बघत चालत जायचं. गाडीही तशीच जात होती. कडेला खरचटणं थांबलं. आधी सातवे आले, मग चौथे, मग एक दिवस पहिले. जिंकल्यावर सुद्धा चेहऱ्यावर काही नाही. सरळ गॅरेजमध्ये जाऊन बघायचे, कुठल्या रंगाचं कुलूप सुटलं.

आषाढात आचऱ्याच्या बाबी तांडेलांची नवी होडी तयार होत आली. खाडीच्या काठाला नारळाच्या झापांच्या मांडवाखाली उभी होती, नारळी पौर्णिमेला पाण्यात उतरायची. देवीच्या नावावरून नाव ठरलं होतं 'सातेरी प्रसाद'. दाजी पहिल्याच एस.टी.नं आचऱ्याला गेले. संध्याकाळी परत आले तेव्हा तोंड उतरलं होतं.

बाबी तांडेल माणूस चांगला, दाजींना मान देणारा. पण मालवणातला एक स्टिकरवाला त्यांच्याकडे लॅपटॉप घेऊन येऊन गेला होता. त्यानं होडीचं चित्र फिरवून फिरवून दाखवलं, सोनेरी नाव चमकवून दाखवलं. बाबी तांडेल दाजींना म्हणाले होते, "दाजीनू, तेनी माका आधीच दाखवल्यान, होडी कशी दिसतली ती. तुमी काय दाखवतल्यात?"

"मगे तुमी काय सांगितल्यात?" मी विचारलं.

"सांगितलंय, शुक्रवारी चार वाजता कट्ट्याक ये. तुझ्या दुकानात. मीपण दाखवतंय, आणि माझी तर धावतली."

मला घाम फुटला. शुक्रवारला आठ दिवस होते.

दाजींनी गेममधली एक जुनी, लांब बॉनेटची, बसकी गाडी निवडली. खाली निळा, मध्ये लाल पट्टा, वर पांढरा. तोवर ठीक. नाव आलं तेव्हा कळलं की गेममध्ये मराठी अक्षरंच नाहीत. दुसरा कोणी असता तर डोक्याला हात लावून बसला असता. दाजी म्हणाले, "बरां झालां. नायतर तुझ्यासारख्या कंबर मोडलेल्या अक्षरांत करूक लागला असता." अर्धगोल, पट्ट्या, तिरक्या रेघा जोडून त्यांनी 'स' उभा केला. 'स'चं पोट काढायला दोन दुपारी गेल्या. पण एका बाजूला किती थर देता येतात याला मर्यादा, आणि 'प्रसाद'च्या 'द'पाशी येऊन थर संपले. मग सगळं मोडलं. प्रत्येक अक्षराची वेगळी शिरोरेघ काढून टाकली, दोन शब्दांना दोनच लांब पट्ट्या दिल्या, आणि 'द' बसला. मी कॉम्प्युटरवर सहा वर्षं अक्षरं दाबत होते. अक्षर बनतं कशाचं, हे मला त्या चार दुपारींत कळलं. ते मी त्यांना बोलून दाखवलं नाही, उगाच चढून बसले असते.

राहिला सोनेरी. त्याच्यावर कुलूप. ते उघडायचं तर बंदराची शर्यत जिंकायची, तीन फेऱ्या, आणि समोर त्या शहराची राणी, पांढऱ्या गाडीवाली. मी म्हटलं, पिवळा लावू, कोणाला कळतंय? दाजी म्हणाले, "पिवळो म्हणजे हळद. होडी काय नवरी आसा?" मग मीच गुपचूप त्यांच्यासाठी जिंकून ठेवावं म्हणून बसले. बावीस वेळा हरले. मुंबईला भावाला फोन केला, तर तो म्हणतो, "ती माका पण कधी गावली नाय. नाद सोड."

शुक्रवारी दाजी नऊ वाजताच आले. मी दारावर कागद लावला, 'सर्व्हर डाऊन आहे'. आयुष्यात मारलेली ही माझी सगळ्यात यशस्वी थाप. कोणी एक शब्द विचारला नाही, कागद वाचून माणसं निमूट परत गेली. आत दाजी हरत होते. पहिल्या शर्यतीत ट्रकवर, दुसरीत रफारापाशी, तिसरीत अगदी शेवटी. दुपारी दोनपर्यंत सात वेळा हरले. जेवले नाहीत. बोटं सुजली होती, मी गरम पाण्याचा तांब्या आणून दिला. मी म्हटलं, राहू दे दाजीनू, आपण पिवळा दाखवू. त्यांनी तांब्या बाजूला सारला. हात पुसले, पुन्हा बटण दाबलं.

आठव्या शर्यतीत दोन फेऱ्या दाजी पांढऱ्या गाडीच्या अगदी मागे चिकटून राहिले. पुढच्या गाडीनं वारा अडवला की मागच्याला वेग मिळतो, हे त्यांनी स्वतःच शोधलं होतं. तिसऱ्या फेरीला तिनं एका टेम्पोला ठोकलं आणि पोलीस जागे झाले. बाजारपेठेच्या मोठ्या रस्त्यावर त्यांनी गाड्या आडव्या लावल्या. मी म्हटलं, संपलं. पांढरी गाडी अडथळ्याच्या फटीतून घुसायला गेली, ब्रेक लागले. आणि दाजींनी बेकरीच्या निळ्या पाटीपाशी गाडी डावीकडे एका बोळात घातली.

"खंय चललास? हयसर रस्तो नाय!"

"आसा. टायरच्या दुकानाच्या बोर्डाची पाठ ह्या बोळातसून दिसता."

त्या शर्यतीत ठरावीक जागी उजेडाच्या कमानी असतात. त्यांतून गेलं की झालं, मधला रस्ता कुठलाही घ्या. बोळ इतका अरुंद की दोन्ही आरसे भिंतींना लागत होते. खोकी उडाली, कपड्यांची दोरी तुटली, आणि गाडी टायरच्या दुकानाशेजारून बाहेर पडली, कमानीच्या बरोबर समोर. पांढरी गाडी मागे. पुढे फक्त बंदराचा सरळ रस्ता. दाजींनी श्वास धरला आणि सगळं टर्पेंटाइन ओतलं. तिचा उजेड आमच्या मागच्या काचेत शिरला, शेजारी आला, अर्ध्या दारापर्यंत आला. पण रेघ आधी आमची संपली.

मी आरडाओरडा केला, टाळ्या पिटल्या, शेजारचा शिंपी काय झालं म्हणून धावत आला. दाजी गॅरेजमध्ये पोचले होते. कुलूप गेलं होतं. "चार वाजाक किती अवकाश आसा?" एवढंच त्यांनी विचारलं.

बाबी तांडेल छत्री झटकत आले तेव्हा दाजींनी शेवटचा थर दिला होता. गाडी फिरवून दाखवली, दोन्ही बाजू. मग रस्त्यावर काढली आणि गेममधल्या संध्याकाळच्या उजेडात बंदराच्या कडेनं संथ चालवली, अशी की नाव सतत समोर राहावं. बाबी तांडेल उठले. मला वाटलं, चालले. ते भुरभुर पावसात रस्ता ओलांडून एस.टी.च्या थांब्यावर जाऊन उभे राहिले आणि तिथून दुकानाच्या आणि मागच्या खोलीच्या उघड्या दारांतून आत टीव्हीकडे बघत राहिले. दाजींनी नाव पडद्यावर नीट समोर येईल अशी गाडी उभी केली. बाबी तांडेल परत आले, बसले, रुमालानं डोकं पुसलं.

"थंयसून पण वाचलंय," ते म्हणाले. "पाण्यात असांच दिसतला?"

"पाण्यात ह्याच्यापेक्षा बरां."

बाबी तांडेलांनी फोन काढला, आमच्यासमोरच स्टिकरवाल्याला लावला आणि सांगितलं की नको. मला रडू आलं. मी रडणारी नाही, पण आलं, आणि दाजी मला म्हणतात कसे, "रडतंस कित्याक? जा, सर्व्हर सुरू कर, लोका खोळंबलीहत."

दाजींना मी शेवटचं पाहिलं ते नारळी पौर्णिमेला, आचऱ्याच्या खाडीवर. पुढच्याच महिन्यात माझं रजिस्टर लग्न होतं आणि मी कुडाळला जाणार होते. 'सातेरी प्रसाद' फुलांनी सजली होती. नारळ वाहिला, माणसांनी खांदे लावले आणि होडी चिखलातून सरकत पाण्यात उतरली. नाव पाण्यावर हललं आणि काठावरच्या बायका-पोरांनी ते मोठ्यानं वाचलं, कोणी सांगितलं नव्हतं तरी. दाजी कमरेवर हात ठेवून उभे होते, निळ्या शर्टावर ताज्या सोनेरीचा डाग. मी म्हटलं, "झाली तुमची शेवटची होडी." त्यांनी ऐकलं की नाही कोण जाणे, कारण तेवढ्यात त्यांच्याभोवती चार होडीवाले तांडेल जमा झाले होते. एक म्हणत होता, माझी दिवाळीच्या आधी करा. दुसरा म्हणत होता, माझी जुनी आहे पण आधी माझी. दाजी त्यांना हातानं मागे सारत होते. "ओळीन रवा," म्हणाले, "एकेकान बोला."

मी गर्दीत शिरले. "दाजीनू, कुडाळाक माझां नवीन दुकान होतला. बोर्ड करून देतल्यात?"

त्यांनी चौघांकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"तुझो पाचवो नंबर," ते म्हणाले. "आणि अक्षरां मी ठरवतलंय. तू फक्त नाव सांग."

मी नाव सांगितलं आणि चौथ्या तांडेलाच्या मागे जाऊन उभी राहिले.